पंचविसावा टोमॅटो

१

सतराव्या प्रश्नाने कपोसो शाळेची अब्रू घेतली, आणि ती जात असताना मलामा साहेब केक खात होते.

केक जॅकरांडा हाइट्स शाळेने पाठवला होता. सातवीच्या प्रांतिक चाचणीत ही शाळा पहिली आली की शिक्षण कचेरीत केक येतो, आणि ती दरवर्षी पहिली येते. या खाणीच्या गावात निकालाचा उपयोग एवढाच. पहिल्याने केक पाठवायचा, बाकीच्यांनी माना खाली घालायच्या. कुठल्या पोराला भागाकार येत नाही, कुठल्या वर्गाला वाचलेलं कळत नाही, हे सगळं त्याच कागदांवर छापलेलं असतं. पण ते वाचायला डोकं लागतं. केकला नुसतं तोंड पुरतं.

एस्नार्ट काबासोबाईंचं काम नेमकं ते वाचायला शिकवण्याचं. किट्वेच्या प्रांत कचेरीतून त्या गावोगाव फिरत आणि मुख्याध्यापकांना निकाल समजावून देत. मुख्याध्यापक जांभया देत ऐकत आणि शेवटी विचारत, "ते जाऊ द्या मॅडम, आमचा नंबर कितवा?" अशी बरीच वर्षं काढल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर कायमचा कंटाळा बसला होता आणि जिभेला धार आली होती.

"या मॅडम, वेळेवर आलात," कचेरीचे प्रमुख मलामा साहेब बोटं चाटत म्हणाले. "चोर सापडलाय. तुम्ही फक्त सही करा."

"चोर सापडल्यावर मला बोलावलंत? वा. कोण आहे?"

"कपोसो शाळा. ती बाजारामागची. हे बघा, सतरावा प्रश्न. बरोबर उत्तर 'ब'. प्रांतभर पोरांनी 'ब' लिहिलंय, इकडेतिकडे एखादा चुकलाय. पण दोन शाळांत अख्ख्या वर्गाने 'क' लिहिलंय. जॅकरांडा आणि कपोसो. आता सांगा, कॉपी झाली की नाही?"

"झाली."

"मग संपलं! जॅकरांडा कशाला कॉपी करेल? ते तर पहिले येतात. ही मोनिका चोला, कपोसोची टीचर. चाचणी संपल्यावर उत्तरपत्रिकांचं पाकीट जमा करायला ही जॅकरांडाला गेली होती. तिथे तासभर एकटी बसली होती. तेवढ्यात हिने त्यांच्या उत्तरपत्रिका बघून आपल्या पोरांची उत्तरं बदलली. जॅकरांडाच्या सांपा सरांनी स्वतः लेखी तक्रार दिलीय."

कोपऱ्यात खुर्चीच्या कडेवर चोला टीचर बसली होती. तिला कोणी केक दिला नव्हता. शुक्रवारी तिला नोकरीवरून काढायचं आणि कपोसोच्या सातवीचा निकाल रद्द करायचा, असं ठरलं होतं. निकाल रद्द म्हणजे त्या पोरांना आठवी नाही. वर्गात पहिल्या आलेल्या लुबुतोला मुलींच्या निवासी शाळेत जागा मिळाली होती, तीही जाणार होती.

"मी त्या पाकिटाला हात लावला नाही, मॅडम," चोला टीचर म्हणाली. "देवाशपथ."

"सगळे हेच म्हणतात," मलामा साहेबांनी दुसरा तुकडा उचलला.

काबासोबाईंनी निकालाचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग विचारलं, "प्रश्न काय होता?"

"कुठला प्रश्न?"

"सतरावा. ज्याच्यापायी तुम्ही एका बाईची नोकरी आणि चाळीस पोरांची शाळा खाताय. त्यात विचारलं काय होतं?"

मलामा साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने केककडे पाहिलं. प्रश्नपत्रिका नियमाप्रमाणे चाचणीच्याच दुपारी परत जाऊन जाळल्या गेल्या होत्या. आणि इतक्या दिवसांच्या चौकशीत हा प्रश्न मुळात काय होता, हे कोणीही कोणाला विचारलं नव्हतं.

२

जॅकरांडा हाइट्सचे मुख्याध्यापक गॉडफ्री सांपा यांच्या टायला सोनेरी पिन होती आणि बोलण्यात सारखा देव होता. भिंतीवर ढाली, कपाटात चषक, आणि फाटकावर बसच्या उंचीचा फलक: पुन्हा पहिले!

"मी त्या बाईला दोष देत नाही, मॅडम," सांपा म्हणाले. "गरिबी माणसाला काहीही करायला लावते. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करतो."

"तक्रार तुम्हीच केलीत ना?"

"प्रार्थना आधी केली."

काबासोबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"त्या संध्याकाळी ती कुठे बसली होती?"

"इथेच, या ऑफिसात. मी पालकांच्या बैठकीत होतो. आमचं पाकीट टेबलावर होतं. माणसावर विश्वास टाकतो मी, हीच माझी चूक."

"आणि नंतर?"

"नंतर दोन्ही पाकिटं तिजोरीत." सांपा कौतुकाने उठले आणि कोपऱ्यातल्या लोखंडी तिजोरीवर थाप मारली. "गावात अशी तिजोरी फक्त माझ्याकडे आहे, म्हणून तर केंद्र इथे असतं. किल्ली इथे, गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाही. सकाळी कचेरीचा ड्रायव्हर आला, तेव्हा मीच उघडली."

"प्रश्नपत्रिकाही तिजोरीत होत्या?"

"छे! त्या ड्रायव्हर दुपारीच मोजून घेऊन गेला. एक कागद मागे राहिला नाही. माझ्या केंद्रात नियम म्हणजे नियम."

खिडकीबाहेर गाड्यांमधून पोरं उतरत होती. मोज्यांना इस्त्री केल्यासारखी दिसत होती.

"फरक बघा, मॅडम," सांपा म्हणाले. "आमच्या पोरांच्या पायाला बाजाराचा चिखल लागलेला नाही. घरी सगळं मॉलमधून येतं, पिशवीबंद. कपोसोची पोरं शाळा सुटली की टोमॅटो विकायला बसतात. त्यांना कुठून येणार गणित?"

"खरंय. पण मग इतकी हुशार पोरं सतराव्या प्रश्नाला सगळीच्या सगळी कशी आपटली?"

सांपांची पिन क्षणभर हलायची थांबली.

"शिक्षकाची चूक," ते म्हणाले. "चुकीचं शिकवलं त्याने. मी त्याला समज दिली आहे."

"काय चुकीचं शिकवलं?"

"आता... ते बघावं लागेल."

म्हणजे यांनाही प्रश्न माहीत नव्हता. काबासोबाईंनी पर्स उचलली. दारात गाठ पडली ती त्या शिक्षकाची, म्हणजे एका घाबरलेल्या पोरसवदा माणसाची. "तुम्हाला कसली समज मिळाली?" बाईंनी विचारलं.

"मला, मॅडम? मला तर बोनस मिळाला," तो म्हणाला.

३

कपोसो शाळेला फळा एकच होता आणि तोही मुख्याध्यापकांच्या खोलीच्या गळक्या छपराला ठिगळ म्हणून ठोकलेला. चोला टीचर गणित बाजारात शिकवायची. पोरांना ओट्यांवर बसवायची आणि जे समोर असेल ते मोजायला लावायची. कोळशाची पोती, सुक्या कापेंटा मासळीची मापं, भोपळ्याच्या पानांच्या जुड्या. कचेरीतल्या लोकांना हे ठाऊक होतं. ते हसायचे.

काबासोबाई पोचल्या तेव्हा चोला टीचर लुबुतोच्या आईच्या ओट्यापाशी उभी होती. आई एका कढईत वितुम्बुवा, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळत होती. लुबुतो शेजारी टोमॅटोचे वाटे लावत होती. तिने मान वर केली नाही.

"आणखी एक साहेबीण आली," लुबुतोची आई म्हणाली. "या! चोर बघायला आलात ना? ही बघा, बारा वर्षांची चोर. नीट बघून घ्या, तिकीट नाही."

"बाना लुबुतो, जरा दमानं," चोला टीचर म्हणाली. लुबुतोची आई म्हणून बाना लुबुतो. तिचं स्वतःचं नाव बाजारात कोणाला आठवतही नसेल.

"का दमानं? तुझी नोकरी चालली आणि तू मला दमानं सांगतेस? ते मलामा नि तो टायवाला घरी येऊन माझ्या पोरीवर ओरडून गेले. तेव्हापासून पोर तोंड उघडत नाही."

काबासोबाई लुबुतोसमोर वाकल्या. "सतरावा प्रश्न आठवतो का गं तुला? काय होतं त्यात?"

लुबुतोने एक टोमॅटो उचलला, पुसला, परत ठेवला.

"टीचर, तुम्ही सांगा. त्या दिवशी ऑफिसात किती वेळ बसलात?"

"ऑफिसात?" चोला टीचर कडवट हसली. "सांपा सरांनी दारातच पाकीट काढून घेतलं, मॅडम. मी पोचपावती मागितली तर म्हणाले, थांबा. व्हरांड्यात तासभर उभी होते. पाणीही विचारलं नाही. माझे जोडे लादीवर नकोत म्हणाले."

शब्दाला शब्द. मलामा साहेब टायवर विश्वास ठेवणार, मळक्या जोड्यांवर नाही, हे सांगायला काबासोबाईंची गरज नव्हती. त्यांनी पाच वितुम्बुवा मागितले. बाना लुबुतोने रागारागाने ते कागदात कोंबले आणि पुडी जवळजवळ अंगावर फेकली.

गाडीत बसून बाईंनी किट्वेला फोन लावला. प्रश्न काढणाऱ्या गृहस्थाने बरेच आढेवेढे घेतले, गुप्ततेवर प्रवचन दिलं, आणि शेवटी वाचून दाखवलं. "एक बाई बाजारात टोमॅटोचे चार वाटे घेते. एका वाट्यात सहा टोमॅटो. ती घरी किती टोमॅटो नेईल? पर्याय अ, दहा. ब, चोवीस. क, पंचवीस. ड, शेहेचाळीस."

"पंचवीस का घातलंत?"

"काहीतरी घालायचं म्हणून, मॅडम. चोवीसच्या जवळचं."

पंचवीस. सहा चोक चोवीस कोणालाही येतं. दहा लिहिणारा बेरीज करून बसला असं म्हणता येतं. पंचवीस कुठल्या वेंधळेपणातून येतं? बाईंना वाट दिसेना. त्यांनी पुडी उघडून ड्रायव्हर काफुलापुढे धरली. "घे. तीन तुला, दोन मला."

काफुलाने तीन घेतले आणि पुडीत डोकावला. "तीन राहिलेत की, मॅडम."

"मी पाचच घेतले होते."

"म्बासेला," काफुला तोंड भरून म्हणाला. "वरचा एक. बघा, भांडत होती तरी म्बासेला द्यायला चुकली नाही."

काबासोबाईंचा हात पुडीवरच थांबला. मग त्या म्हणाल्या, "काफुला, गाडी वळव. जॅकरांडाला."

४

सांपा चर्चच्या सभेला गेले होते, हे एक बरं झालं. बोनसवाल्या शिक्षकाने काही न विचारता वर्ग बाईंच्या हवाली केला.

काबासोबाईंनी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला आणि चारही पर्याय लिहिले. "कागद काढा. उत्तर लिहा. शेजाऱ्याचं बघायचं नाही."

त्या ओळींमधून फिरल्या. चोवीस. चोवीस. चोवीस. एका पोराने बॉक्स करून, खाली दोन रेघा मारून चोवीस लिहिलं होतं. अख्ख्या वर्गात एकाचंही पंचवीस नव्हतं.

"घरी नेताना एखादा जास्त नाही होणार?" त्यांनी विचारलं.

"जास्त कसा होईल?" दोन रेघावाला म्हणाला.

"म्बासेला."

वर्ग हसला. "ते आमची नॅनी म्हणते," एक मुलगी म्हणाली. "पण शॉपमध्ये मशीन बिल देतं, मॅडम. मशीन म्बासेला देत नाही."

"मॅडम," दोन रेघावाला जरा वैतागूनच म्हणाला, "हा चाचणीतलाच प्रश्न आहे ना? तेव्हाही मी चोवीसच केलं होतं. मग माझं चुकलं असं का आलं? पप्पा ओरडले मला."

"तेव्हा आणखी कोणी कोणी चोवीस केलं होतं?" काबासोबाईंनी विचारलं.

आधी चार हात वर गेले. मग सगळे.

५

शुक्रवारी मलामा साहेबांच्या कचेरीत आदेश टाइप होऊन तयार होता. सांपा पांढरा शर्ट घालून आले होते, दुसऱ्याच्या अंत्यविधीला घालतात तसा. चोला टीचर पुन्हा खुर्चीच्या कडेवर होती.

"सही, मॅडम," मलामा साहेबांनी पेन पुढे केलं.

"करते. आधी एक सांगा साहेब, तुम्ही बाजारात शेवटचे कधी गेलात?"

"मी? बाजारात? घरी माणूस आहे त्याला."

"तेच म्हटलं. त्या माणसाला विचारलं असतं तर चौकशी एका सकाळीत संपली असती. प्रश्न असा होता. बाजारात सहा-सहा टोमॅटोचे चार वाटे घेतले तर घरी किती येतील? कपोसोच्या पोरांनी लिहिलं पंचवीस. कारण चार वाटे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला वर एक टोमॅटो न देणारी बाई त्या बाजारात दुसऱ्या दिवशी बसू शकत नाही. चोला टीचर त्यांना तिथेच गणित शिकवते. त्यांनी घरी येणारे टोमॅटो मोजले. प्रश्न काढणारा बाजारात कधी गेला नव्हता, हा त्यांचा गुन्हा नाही."

चोला टीचरने तोंडावर हात ठेवला. "म्बासेला," ती पुटपुटली. "अरे देवा, मीच शिकवलं ते."

"ठीक आहे," मलामा साहेब म्हणाले, "पण मग जॅकरांडानेही पंचवीस—"

"तेच तर! बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, साहेब, त्यावरून काही कळत नाही. चूक कुठून आली ते बघायचं असतं. हेच मी इतकी वर्षं बोंबलतेय आणि तुम्ही केक खाताय. कपोसोच्या चुकीला कारण आहे. जॅकरांडाच्या चुकीला कारणच नाही. त्या पोरांना मी परवा तोच प्रश्न घातला. सगळ्यांनी चोवीस लिहिलं. चाचणीतही चोवीसच लिहिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांच्या उत्तरपत्रिकेवर पंचवीस आलं कुठून?"

सांपा हसले, पण ओठ सुकले होते. "पोरं काहीही बोलतात, मॅडम."

"बोलतात. म्हणून मी मोठ्यांचं घेते. तुम्ही म्हणालात, दोन्ही पाकिटं रात्रभर तुमच्या तिजोरीत होती. किल्ली तुमच्या गळ्यात, आंघोळीलासुद्धा काढत नाही. टीचरला तासभर मिळाला असं धरू या. तुम्हाला अख्खी रात्र मिळाली. आणि तुम्हीच म्हणालात, प्रश्नपत्रिका दुपारीच गेल्या. म्हणजे उत्तरं बदलणाऱ्याकडे प्रश्न नव्हता. प्रश्न असता तर त्याने 'क'ला हात लावला नसता. सहा चोक किती, हे मुख्याध्यापकालासुद्धा येतं."

कारकून फिसकन हसला आणि लगेच खोकला.

"प्रश्न नाही, तर बघून लिहायचं कोणाचं? गावात गणितात सगळ्यात पक्कं कोण, त्याचं. तोंडाने काहीही म्हणा, सांपा सर, तुम्हाला ते नेमकं माहीत होतं. ज्या पोरीला तुम्ही घरी जाऊन चोर म्हणालात, तिचीच उत्तरपत्रिका पाकिटातून काढलीत आणि आपल्या वर्गाची उत्तरं तिच्यावर बेतलीत. बाकी सगळं बरोबर होतं तिचं. फक्त बाजारातला एक टोमॅटो तुम्हाला ओळखता आला नाही."

"हे सगळं बोलणं आहे! पुरावा—"

"उत्तरपत्रिका किट्वेला आहेत, पेन्सिलने लिहिलेल्या. तुमच्या पोरांच्या सतराव्या ओळीत 'ब' खोडलेला दिसतो का, आणि कपोसोच्या ओळी स्वच्छ आहेत का, एवढंच बघायचं. एक फोन." त्यांनी तो टेबलावर ठेवला. "लावू?"

सांपांनी फोनकडे पाहिलं, मलामांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच देवाचं नाव न घेता बोलले. "पालक त्या फलकासाठी फी भरतात, मॅडम. दुसरा नंबर आला तर अर्धी शाळा रिकामी होते. तुम्हाला काय माहीत!"

"मला माहीत आहे. तुमची पोरं स्वतःच्या अकलेवर चोवीस लिहीत होती, सर. तुम्ही ते खोडलंत."

मलामा साहेबांनी आदेश हळूच उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात सारला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी तोंड उघडलं.

"मग आता पहिली शाळा कोणती धरायची? आणि पुढच्या वर्षी केक..."

काबासोबाई चोला टीचरकडे वळल्या. "चला, टीचर. मला घरी भाजी न्यायची आहे."

६

बातमी त्यांच्याआधी बाजारात पोचली होती. बाना लुबुतोने चोला टीचरला मिठीच मारली, तेलकट हातांनी, आणि मग मलामा साहेबांच्या सात पिढ्यांबद्दल असं काही बोलली की शेजारची कोळशेवालीही लाजली. निकाल कायम राहिला होता. निवासी शाळेतली जागाही. फक्त सतराव्या प्रश्नाचा गुण तेवढा मिळणार नव्हता. त्यासाठी समिती बसावी लागते, असं कचेरीने कळवलं होतं.

लुबुतो टोमॅटोपाशी होती. काबासोबाईंनी पिशवी उघडून धरली. "चार वाटे दे, बाळा."

लुबुतोने एकेक वाटा उचलून पिशवीत टाकला. सहा, बारा, अठरा, चोवीस. मग तिचा हात सवयीने पुढच्या टोमॅटोकडे गेला आणि वाटेतच थांबला. तिने चोला टीचरकडे पाहिलं, मग काबासोबाईंकडे. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलत होती.

"मॅडम, आता वरचा द्यायचा नाही ना?"

काबासोबाईंनी आयुष्यात पुष्कळ मूर्खांना पुष्कळ काही सुनावलं होतं. या वेळी त्यांनी पिशवी मिटली नाही, नुसती पुढे धरून ठेवली.

"दे," त्या म्हणाल्या. "चोवीस कचेरीचे. पंचविसावा माझा."

लुबुतोने ढिगातला सगळ्यात मोठा टोमॅटो शोधला, फ्रॉकला पुसला आणि वर ठेवला.